शाबूच्या खिचडीतली अमेरिका

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘युरोप आणि भारत’ हा पाठ आहे. त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला जागा मिळते ती जेमतेम एका परिच्छेदाची. दोन तारखा, एक नाव, एक वाक्य हक्कांविषयी आणि लगेच फ्रान्स. मी मूळची भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी हे माझे विषय. पण लहान शाळेत भाषेच्या शिक्षकाला इतिहास-भूगोलाचे तासही घ्यावे लागतात. पहिल्या वर्षी मी तो परिच्छेद वाचून दाखवला, ४ जुलै १७७६ ही तारीख फळ्यावर लिहिली आणि पुढे गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा सरळ म्हणाला, “आपा, अमेरिका का हमना क्या करना?”

प्रश्न उद्धट नव्हता. मिरजेच्या आसपासच्या गल्लीत राहणाऱ्या, बाप फळाच्या गाड्यावर आणि आई शिलाई मशीनवर असलेल्या पोराला अमेरिकेशी खरंच काय देणंघेणं? बी.एड.ला आम्हाला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र घोकून घेतलं होतं. ते मी परीक्षेत लिहिलं होतं, वर्गात कधी वापरलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं की अमेरिका शिकवायची तर आपल्या चुलीपासून सुरू करायची. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यातून जे काही प्रकल्प झाले ते इथे लिहीत आहे. त्यातल्या एका प्रकल्पाने मला अडचणीतही आणलं, तेही लिहिते.

पहिला प्रकल्प अगदी साधा होता. मुलांनी घरी आठवडाभर काय काय शिजलं त्याची यादी आणायची. सोबत शेजारच्या हिंदू घरातली यादीही आणायची. मग प्रत्येक जिन्नस एका चिठ्ठीवर लिहायचा आणि जगाच्या नकाशावर त्याच्या मूळ ठिकाणी टाचणीने लावायचा. खर्च म्हणाल तर एक भिंतीवरचा नकाशा, टाचण्यांची डबी आणि लाल दोऱ्याचं रीळ.

मुलांचा अंदाज असा होता की ‘बाहेरचं’ म्हणजे पिझ्झा आणि मॅगी. प्रत्यक्षात दोरे भलतीकडेच गेले. मिरची मेक्सिकोकडची. टोमॅटो आणि बटाटा अँडीज पर्वताच्या बाजूचे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. मका मेक्सिकोतला. पेरू, पपई, सीताफळ, अननस, काजू, रताळं, लाल भोपळा हे सगळे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधी आशियात कुणी पाहिलेले नव्हते, असंच आजवरचं सर्वसाधारण मत आहे. घेवडा तर आमच्या शेजारचाच. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आणि त्याची जातकुळी मात्र अमेरिका खंडातली.

सगळ्यात मोठी गंमत शेजारच्या घरातून आलेल्या यादीने केली. आषाढी एकादशीची शाबूची खिचडी. शाबू ज्या कंदापासून होतो तो कसावा ब्राझीलकडचा. बटाटा अँडीजचा. शेंगदाण्याचं कूट दक्षिण अमेरिकेतलं. मिरची मेक्सिकोची. जिरं, मीठ आणि तूप सोडलं तर उपवासाचं ताट सगळं समुद्रापलीकडचं! दसऱ्याला दारावर लागणारा झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. आणि आमच्या घरचा रस्सा? मिरची आणि टोमॅटो काढून घेतले तर त्यात हळद आणि गोश्त उरतं. वर्गात बराच वेळ हशा चालला. “आपा, शिवाजी महाराज टमाटा खात नव्हते काय?” असा प्रश्नही आला. त्या काळी आपल्याकडच्या रोजच्या जेवणात टोमॅटो नव्हता असं समजायला हरकत नाही, असं मी सांगितलं.

इथून भूगोल आपोआप आला. हे सगळं आलं कसं? पोर्तुगीजांच्या जहाजांतून. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. दोनच वर्षांनी, १५०० च्या एप्रिलमध्ये, भारताकडे निघालेला काब्रालचा ताफा अटलांटिकमध्ये पश्चिमेला इतका सरकला की ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. म्हणजे पोर्तुगीजांच्या इतिहासात ब्राझील हे भारताच्या वाटेवर लागलेलं गाव आहे. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती आला आणि एकाच राज्याची दोन बंदरं अटलांटिकच्या आणि अरबी समुद्राच्या काठावर उभी राहिली. दहावीच्या भूगोलात आपल्या मंडळाने भारत आणि ब्राझील यांची शेजारी शेजारी तुलना ठेवली आहे. मुलं ती पाठ करतात आणि ‘ब्राझीलच का?’ म्हणून विचारतात. आठवीत काजू आणि शाबूचे दोरे लावलेली मुलं दहावीत गेली तेव्हा हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

दुसरा प्रकल्प माझ्या आवडीचा, शब्दांचा. वहीचे दोन रकाने. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला उर्दू. बटाटा-आलू, पेरू-अमरूद, सीताफळ-शरीफा, अननस-अनन्नास. बटाटा, पपई, काजू हे मराठी शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आले. काजू आणि अननस हे तर त्याही आधी ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे शब्द. पेरू-अमरूद ही जोडी मला फार आवडते. पोर्तुगीज भाषेत नासपतीला ‘पेरा’ म्हणतात आणि मराठी पेरू त्यावरून आला असावा असं भाषेचे अभ्यासक मानतात. फारसीत ‘अमरूद’ म्हणजेही नासपतीच. एका अनोळखी फळाला दोन वेगळ्या भाषांनी एकाच ओळखीच्या फळाचं नाव दिलं! नवीन माणूस वस्तीत आला की आपण म्हणतो ना, हा अगदी आपल्या अमक्यासारखा दिसतो, तसंच.

मक्याने मात्र आम्हाला चकवलं. उर्दूत त्याला मक्का किंवा मकई म्हणतात, म्हणून अर्ध्या वर्गाने दोरा थेट मक्का शरीफला लावला. दोरा काढायला लावला तेव्हा काही चेहरे उतरले. पण नावावरून गाव ठरवायचं नाही, पुरावा बघायचा, हा इतिहासाचा पहिला धडा त्या दिवशी त्यांना पुस्तकाविना मिळाला.

याच तासाला मी त्यांना असद बेगची हकीकत सांगितली. असद बेग हा अकबर बादशहाचा वकील. तो विजापूरच्या आदिलशाही दरबारात आला होता. मिरज तेव्हा याच आदिलशाहीत होती. विजापुरात त्याने तंबाखू पाहिला. तोवर हिंदुस्तानात त्याने ही चीज पाहिलेली नव्हती. १६०४ च्या सुमारास त्याने तो चिलमीसह आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवला. दरबारच्या हकीमाने हरकत घेतली की आपल्या कुठल्याच ग्रंथात या वनस्पतीचा उल्लेख नाही. त्यावर असद बेगने वाद घातला की जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती. हा वाद त्याने स्वतः फारसीत लिहून ठेवला आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूला मनाई केली, पण ती कुणी फारशी ऐकली नाही. आमच्या वर्गात विडीच्या धंद्यावर जगणारी घरं आहेत. हकीमाचं म्हणणं आरोग्याच्या दृष्टीने खरं ठरलं आणि असद बेगचं म्हणणं इतिहासाच्या दृष्टीने, हे त्या मुलांनीच मला सांगितलं.

आणि सांगलीत बसून द्राक्षाशिवाय कसं चालेल? तासगावच्या मळ्यांत जी बिनबियांची द्राक्षं पिढ्यान्‌पिढ्या गाजली ती थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातूनच तासगाव तालुक्यात निवडलेली तास-ए-गणेश. थॉम्पसन हा कॅलिफोर्नियातला, मूळचा इंग्लंडहून गेलेला बागायतदार. १८७० च्या दशकात त्याने तिथे या वेलीची लागवड केली आणि त्याचं नाव लागलं. पण वेल त्याचीही नव्हती. ती तुर्कस्तान-इराणकडची जुनी किशमिशी वेल. ती कॅलिफोर्नियाला गेली, नाव बदलून तासगावला आली आणि इथे वाळवल्यावर तिचा ‘बेदाणा’ झाला. बे-दाना म्हणजे ज्यात दाणा नाही ते. शब्द फारसी, बाजारपेठ तासगावची, नाव अमेरिकेचं. मुलांनी या दोऱ्यासाठी रिळातला सगळ्यात लांब तुकडा तोडला.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग एका मुलीने, जी सहसा बोलत नाही, नकाशाकडे बघत विचारलं, “आपा, हमे बी भार से आये क्या?”

वर्ग गप्प झाला. हा प्रश्न तिने कुठे ऐकला असेल हे मला विचारायची गरज नव्हती. तुम्हालाही नाही. मी घाईने म्हणाले, “अगं, मिरची बाहेरून आली तरी आता आपलीच झाली ना?” मुलं हसली, घंटा झाली. मला वाटलं, उत्तर छान दिलं.

दोन दिवसांनी आम्ही शाळेच्या मैदानात उगवलेल्या वनस्पती बघत होतो. गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, तेही अमेरिका खंडातलंच. ते अमेरिकेने दिलेल्या मिलो-गव्हाबरोबर आलं असं घरोघरी सांगितलं जातं. मुलांना तारखा ताडून बघायला लावल्या. पुण्यात हे गवत पसरल्याची नोंद १९५५-५६ च्या सुमाराची आणि पी.एल. ४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. हे सांगत असतानाच एक मुलगा म्हणाला, “मग हे बाहेरचं आहे, उपटून टाकायचं ना?”

आणि मला माझी चूक कळली. त्या मुलीला मी मिरचीचं उदाहरण दिलं होतं. पण कुणी उठून म्हणेल, तुम्ही मिरची नाही, गाजर गवत आहात! झाडाचं उदाहरण माणसाला लावलं की माणसाने आपण उपयोगी आहोत हे सिद्ध करत बसायचं आणि न ठरल्यास उपटलं जायचं. मी त्या पोरीला दिलासा द्यायला गेले आणि नकळत तिला परीक्षेला बसवलं. त्या दिवसापासून हा प्रकल्प मी अजूनही घेते, पण शेवटी स्पष्ट सांगते की हा नकाशा पिकांचा आहे, माणसांचा नाही.

माणसांसाठी वेगळा प्रकल्प हवा होता. म्हणून तिसरा प्रकल्प घेतला. आपल्या भागातली माणसं आणि अमेरिका.

सुरुवात तासगावच्या गणपतीपासून केली. तिथलं सात मजली गोपुर आमच्या सगळ्या मुलांना ठाऊक आहे. मुसलमान मुलंसुद्धा रथ बघायला जातात. ते देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलं. आता दुसरं टोक बघा. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन इथे वॉशिंग्टनच्या फौजेपुढे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणहून मागे फिरताना त्याची फौज उपाशी मरायला आली होती. तेव्हा मेलकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठ्यांच्या बाजारातून इंग्रजांना धान्य मिळालं. अमेरिकेत हरलेला माणूस आपल्या भागातल्या धान्यावर तगला.

आणि टिपूचा बाप? १७८२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन क्रांतिकारकांच्या एका जहाजाने डेलावेअरच्या आखातात ब्रिटिशांचं मोठं जहाज पकडलं. त्या अमेरिकन जहाजाचं नाव होतं ‘हैदर अली’. इंग्रजांशी लढणारा म्हणून त्याचं नाव फिलाडेल्फियाच्या लोकांनी जहाजाला दिलं होतं. हे सांगितल्यावर वर्गात टाळ्या पडल्या. मी त्या थांबवल्या नाहीत, पण पुढचं वाक्यही सांगितलं. टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने एकटे मराठे नव्हते, हैदराबादचा निजामही होता. तेव्हा कोण कुणाच्या बाजूला उभा राहिला हे धर्मावरून ओळखता येत नाही. १७९२ च्या तहात टिपूचं निम्मं राज्य गेलं आणि ते तिघांनी वाटून घेतलं. पुढच्या तीस वर्षांच्या आत वाटून घेणाऱ्यांपैकी कोण मोकळं राहिलं, हे मुलांनी स्वतः शोधून लिहायचं होतं.

नंतर कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना येणारा अमेरिकन कापूस आटला. १८६१ मध्ये वीस लाखांहून जास्त गठड्या गेल्या होत्या, १८६२ मध्ये जेमतेम पंचावन्न हजार. मुंबईचे व्यापारी दख्खनच्या गावोगाव आगाऊ पैसे घेऊन फिरले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, सारा वाढला आणि कर्ज उरलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. हे लोण नगरकडे गेलं, सातारा जिल्ह्यात कुकरूर गावीही सावकाराचे कागद जळाले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. मुलांनी यावर एक छोटं नाटक केलं. सावकार व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मीच झाले.

त्याच युद्धाने अमेरिकेतली गुलामगिरी संपवली. आणि ते दख्खनमधल्या एका माणसाने नीट पाहिलं. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मोकळं केल्याबद्दल. सातारच्या मातीतल्या कुटुंबातला माणूस अमेरिकेकडे बघून आपल्या घरातली गुलामी ओळखतो. माझ्या दृष्टीने अमेरिकेचा इतिहास शिकवण्याचं याहून मोठं कारण नाही. सावित्रीबाईंनी १८५६ च्या ऑक्टोबरात नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं, आपल्यामागे तिला त्रास पडत असेल या काळजीने. फातिमा शेख यांच्याबद्दल हल्ली बरेच वाद घातले जातात. मी मुलींना ते पत्र दाखवते आणि एवढंच सांगते की आपल्याजवळ कागद कमी आहेत, म्हणून जो आहे तो नीट वाचा.

पुढची कडी साताऱ्याचीच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचं नाव सातारच्या सरकारी शाळेत दाखल झालं. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. तेरा वर्षांनी, १९१३ मध्ये, तोच मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होता. आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळ्या लोकांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे मांडलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत तयार झालेलं आपलं संविधान मी वर्गात उघडलं.

तेव्हा मला त्या मुलीचं उत्तर देता आलं. आधी मी सगळ्यांना घरी पाठवलं होतं, आजी-आजोबांना विचारायला की आपलं मूळ गाव कुठलं. वर्गातली आडनावं होती मुलाणी, बागवान, शिकलगार, अत्तार, तांबोळी, पिंजारी. बहुतेक आडनावातच धंदा. आणि गावं आली विटा, आटपाडी, कराड, वडूज, जत. एकीची दादी म्हणाली विजापूर. त्यापलीकडे कुणी गेलं नाही. नकाशावर दोरा लावायचा तर टाचणीलाही जागा पुरेना.

ती मुलगी हसली. हायसं वाटलं तिला. पण मी तिथे थांबू शकत नव्हते. मी म्हणाले, “बेटा, तुझं गाव वडूज निघालं म्हणून तू इथली आहेस असं नाही. उद्या कुणाच्या घरी जुना कागद सापडला आणि त्यावर इराण किंवा अरबस्तान लिहिलेलं निघालं, तरी त्याचा बाक इथेच राहील. या पुस्तकात नागरिक कोण ते लिहिलंय. त्यात मिरचीसारखं उपयोगी पडावं लागेल अशी अट नाही.” मग तिला संविधानाचं पाचवं कलम वाचायला लावलं. तिने ते अडखळत वाचलं, आधी मराठीत, मग उर्दूत.

परवा सांगलीहून मिरजेला बसने येत होते. वानलेसवाडीच्या थांब्यावर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक चढला. तोच, ‘हमना क्या करना’ वाला. आता कामावर जातो. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू करणारे डॉ. वानलेस जन्माने कॅनडाचे आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने पाठवलेले, हे मी कधीतरी वर्गात सांगितलं होतं. तो शेजारी उभा राहून थांब्याच्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाला, “आपा, इसका दोरा लगाने का रह गया था.”

यंदाच्या आठवीला तो पहिला लावायचा आहे.